विमानतळावर गाडीची झडती : कायदा काय सांगतो?

हल्ली गावागावांतून कोणाचा मुलगा, कोणाची लेक आखाती देशांत कामाला जाते. पोचवायला सगळं घर जीप करून विमानतळावर जातं. मीही आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाला पोचवायला गेले होते. विमानतळाच्या अलीकडे गाडी थांबवली. डिकी उघडली, आरशाने गाडीखाली पाहिलं, लोणच्याची बरणीसुद्धा सोडली नाही. मग एक कागद पुढे आला, "इथे सही करा." ताईंनी घाबरून न वाचताच सही केली. त्यावर काय लिहिलं होतं, ते आजही त्यांना ठाऊक नाही. काही वाईट घडलं नाही, पण घडू शकलं असतं. म्हणून आज हा विषय.

तपासणी दोन प्रकारची असते. पहिली सुरक्षेची. १९९९ साली काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवून कंदहारला नेलं होतं. त्यानंतर २००० पासून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे येऊ लागली. सुरक्षेसाठी गाडी पाहायला वॉरंट लागत नाही, तुमच्यावर संशयही असावा लागत नाही. सगळ्यांना नियम एकच. तपासू दिलं नाही, तर आत सोडत नाहीत. यात अपमान मानू नका.

दुसरी असते गुन्ह्याच्या संशयावरून झडती. इथे अधिकाऱ्याकडे कारण असावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १८५ प्रमाणे तपास करणाऱ्या पोलिसाला तातडी असेल तर वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण कारणं आधी लेखी नोंदवावी लागतात. कायद्यातल्या 'ठिकाण' या शब्दात घराबरोबर वाहनही येतं. चोरट्या मालाची वाहतूक होते असं मानायला कारण असेल, तर कस्टमचे अधिकारी सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०६ खाली गाडी थांबवून तपासू शकतात.

पोलिसांच्या अशा झडतीत पंच हवेत, जप्त केलेल्या वस्तूंची यादी हवी, आणि त्या यादीची प्रत आपल्याला मिळायला हवी. नव्या कायद्यात या सगळ्याचं चित्रीकरण करायलाही सांगितलं आहे, ते मोबाइलवर केलं तरी चालतं.

आता आपल्या बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही मर्यादा राखून. पुरुष पुढे आला तर शांतपणे म्हणा, "महिला कर्मचारी बोलवा." कस्टमच्या किंवा अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती होणार असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या, असं आपण म्हणू शकतो. पण हा हक्क अंगझडतीपुरता आहे. गाडीला किंवा पिशवीला तो लागू होत नाही.

काही जणी म्हणतात, वॉरंट नसेल तर सापडलेली वस्तू कोर्टात चालत नाही. तसं नाही. झडतीत चूक झाली एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलं आहे. म्हणून रस्त्यात वाद घालू नका, धक्काबुक्की तर नाहीच. अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव, वेळ आणि जागा लिहून ठेवा, तक्रार नंतर करा.

याच कारणासाठी दुसऱ्याचं पार्सल गाडीत घेऊ नका. "माझ्या भाच्याला एवढं पोचव" म्हणून दिलेल्या पुड्यात काय आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं. ते सापडलं, तर पहिली चौकशी आपलीच होते.

आणि सही? आधी वाचा. वाचता येत नसेल, तर बरोबरच्या माणसाकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर तर कधीच नको. अडचण आली, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेला फोन करा. उत्पन्न कितीही असो, बाईला वकील मोफत मिळतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. एकीने अधिकारी व्हायचं, दुसरीने प्रवासी, आणि "महिला कर्मचारी बोलवा" हे वाक्य प्रत्येकीने मोठ्याने म्हणून पाहायचं. आमच्या ताई आता न अडखळता म्हणतात.