देवगिरीवरची मावळती

क्रांती चौकातून पश्चिमेला निघाले, की नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे पडतात आणि शरणापूरच्या पुढे देवगिरीचा डोंगर समोर उभा राहतो. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. आम्हा संभाजीनगरकरांच्या लेखी हा पाहुण्यांना दाखवायचा किल्ला. सकाळी देवगिरी, दुपारी वेरूळ, की यजमानाचे कर्तव्य संपले! पण हा किल्ला उतरत्या उन्हात पाहावा आणि जमल्यास कॅमेरा घेऊन पाहावा, असे मी भेटेल त्याला सांगत असतो.

अडचण एकच. सूर्याचे आणि किल्ल्याच्या दरवाजाचे वेळापत्रक जुळत नाही. किल्ला सायंकाळी सहाला बंद होतो. जूनमध्ये आपल्याकडे सूर्यास्त होतो सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पावणेसहालाच होतो खरा. पण तेव्हा माथ्यावर थांबलात, तर उतरायचे कधी? वर जायची वाट एकच. कडे उभे तासलेले, खंदकावर एक अरुंद पूल आणि त्यानंतर ती प्रसिद्ध अंधारी! शत्रूला चकवण्यासाठी केलेला हा बंदोबस्त, तिन्हीसांजेला मुलाबाळांसह उतरणाऱ्यालाही सोडत नाही.

म्हणून माथ्यावरून टिपायची ती मावळती नव्हे, तिच्या आधीचा तास. आणि खरे सांगायचे, तर तोच अधिक मोलाचा. लाल गोळा काय, जुहूच्या चौपाटीवरही सारखाच दिसतो. शहाजहानच्या काळातल्या बारादरीपाशी उभे राहून सूर्याकडे पाठ करा. डोंगराची सावली खालच्या किल्ल्यावर हळूहळू पसरू लागते. एकेक तट, एकेक बुरूज विझत जातो आणि पलीकडची शेते मात्र अजून उजळलेली असतात. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात उभारलेला चांदमिनार त्या पसाऱ्यात बोटाएवढा दिसतो.

१२९६ मध्ये रामदेवराव यादवांवर अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तो इथेच. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी हलवली तीही इथेच. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडाचे किल्लेदार. हे सारे मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा त्या तिरप्या उन्हात लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल पुरवून वापरावा लागे. आता मोबाईलमध्ये हिशेब नाही. तरी एक पथ्य पाळावे. आकाश चित्रात घेताना पडद्यावर उजळ भागावर बोट टेकवावे, म्हणजे ते पांढरेफटक पडत नाही. कठड्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत मागे मागे सरकणे मात्र कटाक्षाने टाळावे. फोटो पुन्हा काढता येतो.

पहारेकऱ्याची शिट्टी झाली, की हुज्जत न घालता उतरावे. त्यालाही घरी जायचे असते. आणि उतरल्यावर घाईने गाडीत बसू नये. दरवाजाबाहेर, पूर्वेच्या बाजूला उभे राहून मागे वळून पाहावे. पश्चिमेचे आकाश तांबूस झालेले असते आणि त्यावर अख्खा देवगिरी काळाभोर उमटतो. ज्या माथ्यावर सूर्य आपल्याला थांबू देत नाही, तो माथाच मग चित्रात येतो. हे दृश्य जूनमध्येही दिसते आणि त्याला तिकीट लागत नाही.