तळ्याकाठची औषधे (९) : मासे मारणारी पेंड

गुळवेल पुढे ढकलतो. आघाडाही. माशाच्या पांढऱ्या पेशी मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात, तिथवर आपण मागच्या लेखात आलो होतो. आज त्या पेशींना चेतवणाऱ्या या दोन वनस्पतींकडे वळायचे होते. पण भिगवणकडच्या एका शेतकऱ्याचे पत्र आले. त्यांच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत आणि माशांच्या अंगावर उवा दिसतात. कुणीतरी त्यांना कडूनिंबाचा पाला पोत्याने टाकायला सांगितले आहे. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय तर नाही ना होणार?’ असे ते विचारतात.

हा प्रश्न ऐकला की मला मोहाची पेंड आठवते.

मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले मरळ, मांगूर असले शिकारी मासे काढावे लागतात. जाळ्यात ते सगळे येत नाहीत, चिखलात दडून बसतात. मग मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड कामी येते. प्रमाण हेक्टरभर तळ्यात मीटरभर पाण्याला अडीच हजार किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण २५ किलो. भिजवून तळ्यावर सगळीकडे फेकली की काही तासांत मासे वर येऊन तोंडे वासतात आणि उलटे होतात. दोन-तीन आठवड्यांत विष उतरते आणि तीच पेंड तळ्याला खत होते. घाई करून त्याआधी बीज सोडणाऱ्याचे बीजही जाते.

हे काम सॅपोनिनचे. रिठ्याला फेस येतो तो याच्यामुळेच. माशाच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम एक पातळ पडदा असतो. सॅपोनिन तो पडदा खराब करते, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. कोळंबीला तांबड्या पेशीच नसतात. प्राणवायू वाहणारे तिचे द्रव्य तांबेयुक्त असते आणि ते सरळ रक्तात विरघळलेले असते. कोळंबीच्या तळ्यात चहाच्या बियांची पेंड टाकतात ती याच भरवशावर: घुसखोर मासे मरतात, कोळंबी तगते. मला ही युक्ती फार आवडते.

आता गेळ घ्या. सह्याद्रीत गेळाची फळे ठेचून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे गोळा करायचे, ही जुनी रीत. (पाण्यात विष घालून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच बंदी घातली, हा भाग वेगळा.) हेच गेळफळ वैद्यांचे मदनफळ, वमनाच्या औषधांतले अग्रगण्य. याहून अस्सल आयुर्वेदिक काय दाखवू?

पण म्हणून सॅपोनिनला खलनायक ठरवू नका. जर्मनीत होहेनहाइम विद्यापीठातल्या संशोधकांनी क्विलाया नावाच्या झाडाचे सॅपोनिन कार्प माशांच्या खाद्यात मिसळून पाहिले. किलोभर खाद्यात १५० मिलिग्रॅम. मासे मरणे दूरच, जास्त वाढले. आपण खाद्यात घालतो त्या मेथीतही सॅपोनिन असते. पाण्यातून कल्ल्यांवर आलेले सॅपोनिन आणि खाद्यातून चिमूटभर पोटात गेलेले सॅपोनिन यांत एवढा फरक पडतो. त्यातही मासा कोणता, हे पाहावे लागतेच. सॅमनच्या खाद्यात सोयाबीन जास्त झाले की त्याच्या आतड्याचा शेवटचा भाग सुजतो, आणि त्यात सोयाच्या सॅपोनिनचा हात आहे. हर्बल खाद्यपूरकाच्या पाकिटावर ‘सर्व माशांसाठी’ असे छापलेले दिसले की मी ते परत ठेवतो.

तर भिगवणकर, पाला तळ्यात टाकू नका. कडूनिंबाचा अर्क पाण्यात जास्त झाला तर कल्ल्यांना इजा करतो, आणि पोत्याने टाकलेला पाला कुजताना प्राणवायू खातो. पहाटे, तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तेव्हा, त्याचा फटका बसेल. उवा अंडी घालतात त्या पाण्यातल्या टणक पृष्ठभागावर. तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करा, दर आठवड्याला बाहेर काढून खडखडीत उन्हात वाळवा, मग पुन्हा लावा. एका फेरीत उवा संपणार नाहीत, चिकाटी लागेल.

गुळवेल पुढच्या आठवड्यात. आणि पत्र लिहिणाऱ्यांनी तळ्याची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली जरूर कळवावी. ‘तळे बऱ्यापैकी मोठे आहे’ यावरून मात्रा काढता येत नाही.