शब्दांचीं माहेरें

मोठ्या एकत्र कुटुंबांत एकाच नांवाच्या दोन सुना आल्या, तरी त्यांचें माहेर एकच असेल असें कोणी समजत नाहीं. शब्दांच्या बाबतींत मात्र पुष्कळ सुशिक्षित मंडळींचीहि अशी समजूत होते. अक्षरें सारखीं दिसलीं, कीं मूळहि एकच मानून अर्थांची ओढाताण सुरू होते.

'काम' हाच शब्द पाहा. चार पुरुषार्थांतील इच्छावाचक 'काम' संस्कृतांतून जसाच्या तसा आला. घरकामांतील 'काम' मात्र 'कर्म' शब्दापासून झालें. प्राकृतांत 'कर्म'चें 'कम्म' झालें. पुढें मराठींत त्यांतला एक 'म' गळाला आणि भरपाईदाखल मागला स्वर दीर्घ झाला. याच वाटेनें 'पर्ण', 'पण्ण' होत होत झाडाचें 'पान' झालें. अमृतपानांतील 'पान' पिणें या अर्थाच्या 'पा' धातूचें. चरख्यावरचें 'सूत' 'सूत्र' शब्दापासून निघालें; पण कर्णास 'सूतपुत्र' म्हणतात, त्यांतील 'सूत' म्हणजे सारथि. त्याचा धाग्याशीं कांहींएक संबंध नाहीं.

कित्येकदां डोळे फसले तरी कान फसत नाहींत. वार्धक्यवाचक 'जरा' संस्कृत असून तिचा 'ज' 'जीवन' शब्दांतल्यासारखा. 'जरा थांबा' यांतील 'जरा' कण या अर्थाच्या अरबी शब्दापासून फारसीच्या द्वारें आला. त्याचा 'ज' 'जग' शब्दांतल्यासारखा.

'नांव' आणि 'नाव' यांची गोष्ट मात्र निराळी. पहिला 'नामन्' शब्दापासून, दुसरा 'नौ' शब्दापासून. पहिल्यावरचें टिंब ही मूळच्या 'म'काराची खूण होती. १९६२ सालच्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले आणि हे दोन्ही शब्द कागदावर एकरूप झाले. लिहिणें सोपें झालें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वडिलांच्या जुन्या पत्रांत हें टिंब दिसलें, तर नातवंडांस ती चूक वाटावी, हें बरें नव्हे. म्हणून या लेखांत आम्हीं तीं टिंबें मुद्दाम राखिलीं आहेत.

मुलांनीं असा शब्द पुढें आणला, तर केवळ अर्थ सांगून थांबूं नये. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालीं प्रसिद्ध झालेला 'मराठी व्युत्पत्ति कोश' मिळाल्यास त्यांच्यासह उघडावा आणि शब्दाचें माहेर शोधावें. प्रारंभ 'माहेर' शब्दापासूनच करावा. त्याचें मूळ 'मातृगृह'.