दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप: शिकारीच्या साधनांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप ही दोन्ही साधने दूरचे जवळ दाखवतात, पण शिकारीत त्यांची कामे वेगळी आहेत. दुर्बिणीला दोन नळ्या असतात, दोन्ही डोळ्यांनी पाहता येते आणि तिचे विशालन सहसा ठरलेले असते. तिच्यावर १०×४२ असे लिहिले असेल, तर पहिला आकडा चित्र किती पटींनी मोठे दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. स्पॉटिंग स्कोप एकनळी असते आणि तिवईवर बसवावी लागते. २०-६०×८० म्हणजे ८० मिलिमीटरचे भिंग आणि २० ते ६० पटींपर्यंत बदलता येणारे विशालन. जनावर शोधायचे ते दुर्बिणीने आणि सापडलेले जोखायचे ते स्कोपने. ही कामाची वाटणी लक्षात न घेतल्यामुळेच निवडीबाबतचे बहुतेक घोटाळे होतात.

आकडा मोठा तितके जास्त दिसते, हा सर्वांत चिवट गैरसमज. विशालन वाढते तसे दृष्टिक्षेत्र आक्रसते. हजार मीटरवर १०×४२ दुर्बिणीतून साधारण ११० मीटर रुंदीचा प्रदेश दिसतो. ६० पटींवर नेलेल्या स्कोपमधून जेमतेम २० मीटर. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर स्कोपच्या वाट्याला दुर्बिणीच्या चित्राचा तिसावा हिस्साच येतो. समोरचा सगळा उतार एवढ्याशा वर्तुळातून पाहत बसले तर सकाळ सरते आणि चरणारे हरीण तेवढ्यात पलीकडच्या घळीत उतरलेले असते. शिवाय हाताचे आणि श्वासाचे हादरेही चित्राबरोबर तितक्याच पटींनी वाढतात. म्हणून बहुतेकांना दहा पटींच्या वर दुर्बीण नुसत्या हातात स्थिर धरता येत नाही. हाताचा प्रश्न तिवईने सुटतो, हवेचा सुटत नाही. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि ५० पटींना शिंगांच्या कडा वितळल्यासारख्या हलतात. अशा वेळी झूम मागे घेऊन २५-३० पटींवर पाहिलेले लहान चित्रच जास्त सांगते.

शोधण्याचे काम दुर्बिणीचे, यामागे दृष्टिक्षेत्राखेरीज आणखी एक कारण आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले की मेंदूला दोन प्रतिमा मिळतात आणि फिकट फरक ओळखण्याची क्षमता एका डोळ्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. झुडपाच्या करड्या सावलीत करड्याच अंगाचे हरीण बसलेले असते, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. एक डोळा मिटून तासभर पाहणे थकवणारेही असते, आणि थकलेला माणूस उतार पाहायचा म्हणून पाहतो, त्याला त्यात काही दिसत नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली कूज हरणाची शिकार हे याचे उत्तम उदाहरण. पांढऱ्या शेपटीच्या हरणांमधली ही लहान चणीची उपजात; नरही क्वचितच ४५ किलोच्या पुढे जातो. रंग असा की ओक आणि जुनिपरच्या झाडोऱ्यात ते उभे असले तरी नजरेला लागत नाही. तिथल्या शिकाऱ्यांनी यासाठी एक पद्धत पक्की केली आहे: १५×५६ ची मोठी दुर्बीण, तीही तिवईवर. बऱ्याच दुर्बिणींच्या पुढच्या बाजूला, दोन नळ्यांना जोडणाऱ्या बिजागरीच्या टोकाशी, एक लहान झाकण असते. ते फिरवून काढले की आत आटे दिसतात. त्यात जोडणीचा तुकडा बसवला की दुर्बीण तिवईवर चढते. तिवई फक्त स्कोपसाठी लागते, हा समज इथेच खोटा ठरतो. चित्र थरथरायचे थांबले की साध्या १०×४२ मधूनही आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात.

मग शिकारी समोरच्या उताराचे मनातल्या मनात पट्टे पाडतो आणि एकेक चौकट निरखत जातो. एक चौकट नजरेने पूर्ण पाहून झाल्याशिवाय दुर्बीण पुढे सरकवायची नाही, हा नियम. अख्खे हरीण दिसेल अशी अपेक्षा ठेवायची नसते. उभ्या खोडांमध्ये आडवी गेलेली पाठीची रेघ, हललेला कान, शिंगावर चमकलेले ऊन, एवढेच दिसते. शंका आली की दुर्बीण उतरवून त्याच तिवईवर स्कोप चढते.

स्कोपवाचून भागतच नाही अशी ठिकाणे मात्र खरोखर आहेत. अलास्कात डॉल मेंढ्यांच्या शिकारीसाठी बहुतेक भागांत नियम असा आहे की नराचे एक तरी शिंग पूर्ण ३६० अंशांत वळलेले असावे, किंवा दोन्ही शिंगांची टोके झिजून तुटलेली असावीत, किंवा नर किमान आठ वर्षांचा असावा. वय शिंगावर वाचता येते: हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते आणि त्या जागी खोल वळी उमटते. एका वर्षाची एक वळी. एखाद-दीड किलोमीटरवर कड्याच्या कपारीत बसलेल्या मेंढ्याच्या वळ्या मोजणे १० पटींच्या दुर्बिणीला जमणारे नाही, आणि मोजणी चुकली तर बेकायदा शिकारीचा गुन्हा होतो. आल्प्समध्ये शामुआ या डोंगरी हरणासारख्या प्राण्याचे वयही शिंगांवरच्या अशाच वळ्यांवरून ठरते, म्हणून तिथे स्कोप हे शिकाऱ्याचे रोजचे साधन आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लाल हरणाचा माग काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या पितळी नळीची दुर्बीण वापरत. उताराला पाठ टेकायची आणि नळी गुडघ्यावर टेकवायची, ही त्यांची बैठक. १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅट यांनी लोव्हॅट स्काउट्स ही तुकडी उभी केली, ती याच लोकांमधून. दूरवरची हालचाल टिपण्याचे त्यांचे कौशल्य पुढे पहिल्या महायुद्धात निरीक्षणाच्या कामी आले.

झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेबद्दलचे गैरसमज जास्त नुकसान करतात, कारण हरणे बाहेर पडतात ती त्याच वेळी. मोठे भिंग म्हणजे उजळ चित्र, असे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात डोळ्यापर्यंत किती प्रकाश पोहोचेल हे भिंगाचा व्यास भागिले विशालन या हिशेबाने ठरते. १०×४२ मधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ४.२ मिलिमीटर रुंद असतो. ८० मिलिमीटरच्या स्कोपमधून २० पटींना तो ४ मिलिमीटर असतो आणि ६० पटींना फक्त १.३. अंधुक उजेडात बाहुली ५ ते ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. तिच्यासमोर एवढा बारीक झोत आला की चित्र काळवंडते. मध्य युरोपात मचाणावरून रानडुकरांची वाट पाहणारे शिकारी ८×५६ दुर्बीण पसंत करतात, ती तिच्या ७ मिलिमीटर झोतासाठी. वय वाढते तशी बाहुलीची उघडण्याची क्षमता घटते, त्यामुळे साठीच्या माणसाला या जड दुर्बिणीचा पुरता लाभ मिळेलच असे नाही.

जाहिरातींमध्ये ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आकडा दिसतो. विशालन आणि व्यास यांच्या गुणाकाराचे ते वर्गमूळ असते. १०×४२ चा हा आकडा २०.५ आणि ६० पटींवरच्या ८० मिलिमीटर स्कोपचा ६९ येतो. त्यावर विश्वास ठेवला तर संधिप्रकाशात स्कोप तिपटीहून सरस ठरायला हवी, आणि ती तशी नसते. काचेचा दर्जा, भिंगांवरचे लेप, लोलकांची घडण यांतले काहीच या सूत्रात नाही. दोन १०×४२ दुर्बिणी म्हणूनच सारख्या नसतात. सरळ नळीच्या दुर्बिणीत लोलकातून जाताना प्रकाशलहरींची कला बिघडते आणि चित्राची धार जाते; त्यावरचा लेप झाइस कंपनीने १९८८ मध्ये आणला. तो आहे की नाही, हे खरेदीपूर्वी विचारण्यासारखे आहे.

गंभीर शिकाऱ्याकडे दोन्ही साधने हवीतच, असेही ऐकू येते. पूर्व अमेरिकेच्या दाट जंगलात झाडावर बसून पांढऱ्या शेपटीचे हरीण टिपले जाते ते बहुधा शंभर मीटरच्या आत. तिथे स्कोप हे निव्वळ ओझे. ८० मिलिमीटरची स्कोप आणि भक्कम तिवई मिळून साडेतीन-चार किलो भरतात. चांगली १०×४२ दुर्बीण ७०० ते ८५० ग्रॅम. पायी डोंगर चढणाऱ्याला हा फरक खांद्यावर कळतो. पैसे मोजकेच असतील तर आधी उत्तम दुर्बीण, मग तिवई आणि सर्वांत शेवटी स्कोप, हाच शहाणा क्रम. सुमार काचेची ६० पटींची स्कोप घेणे हा सर्वांत वाईट सौदा, कारण काचेतले दोष विशालनाबरोबर वाढतात.

बंदुकीवरची दुर्बीण आहेच की, मग वेगळी कशाला, हा गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे. तिच्यातून पाहायचे म्हणजे नळी त्या दिशेने रोखायची, आणि झाडीत हललेली आकृती माणसाचीही असू शकते. काय आहे हे कळण्याआधी बंदूक रोखायची नाही, हा शिकारीच्या प्रशिक्षणातल्या पहिल्या काही नियमांपैकी एक. ओळख पटवायची ती गळ्यातल्या दुर्बिणीनेच.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही थांबली. त्यामुळे महाराष्ट्रात ही निवड पक्षिनिरीक्षकांपुढे असते, आणि तिचे तर्कशास्त्र तेच राहते. सह्याद्रीच्या झाडीत फांदीवरून फांदीवर उडणाऱ्या पक्ष्यासाठी ८×४२ दुर्बीण, तर भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर किंवा नांदूर मधमेश्वरला दूरच्या चिखलात चरणाऱ्या तुतवारांच्या जाती वेगळ्या करायच्या असतील तर स्कोप.

स्कोप घ्यायचीच ठरली तर नेत्रभिंग सरळ की तिरके, हा प्रश्न उरतो. तिरक्या स्कोपला तिवई ठेंगणी ठेवता येते, वरच्या कड्याकडे पाहताना मान अवघडत नाही आणि उंचीने कमी-जास्त असलेल्या दोघांना आलटून पालटून पाहता येते. सरळ स्कोप जनावरावर पटकन लागते आणि गाडीच्या खिडकीतून किंवा उंचावरून खाली पाहताना सोयीची पडते. चष्मा लावणाऱ्यांनी दोन्ही साधनांत नेत्रभिंगापासून डोळ्याचे अंतर किमान १६ मिलिमीटर मिळते का, हे पाहून घ्यावे. त्याहून कमी असेल तर चित्राच्या कडा कापल्या जातात.