परसबागेतील राख व काजळी : एक मृदाशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

चुलीतील राख भाजीपाल्याच्या आळ्यात टाकावी, हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. सेंद्रिय शेतीविषयीच्या आस्थेमुळे तो अलीकडे महाविद्यालयांच्या आवारातील परसबागांपर्यंतही पोहोचला आहे. सल्ला चुकीचा नाही. परंतु तो सर्व जमिनींना सरसकट लागू करणे चुकीचे आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर सह्याद्री ओलांडताच त्याचा परिणाम उलटा होऊ शकतो. प्रस्तुत लेखात या भेदाची कारणमीमांसा केली आहे.

राखेचे रासायनिक स्वरूप

लाकूड जळताना त्यातील नत्र जवळजवळ पूर्णपणे वायुरूपाने निघून जाते व खनिज द्रव्ये मागे उरतात. त्यांत सर्वाधिक वाटा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचा असतो. पालाशाचे प्रमाण साधारणतः ३ ते ७ टक्के, तर स्फुरदाचे १ ते २ टक्के आढळते. ‘पोटॅश’ हा शब्दच मुळी भांड्यात आटविलेल्या राखेच्या पाण्यावरून आला असून, हम्फ्रे डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशपासूनच पोटॅशियम हे मूलद्रव्य वेगळे केले. राखेतील पालाश पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे उघड्यावर पावसात भिजलेल्या ढिगात खत म्हणून फारसे काही शिल्लक राहत नाही.

राखेस पालाशयुक्त खत मानण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात ती आधी चुना आहे आणि मग खत. तिचा सामू ९ ते १३ इतका असतो व आम्लता शमविण्याची तिची शक्ती चुनखडीच्या भुकटीच्या साधारण निम्मी भरते. येथेच जमिनीचा प्रश्न उपस्थित होतो.

जांभी आणि काळी मृदा

कोकणातील जांभी मृदा अतिपर्जन्यामुळे निक्षालित झालेली, आम्लधर्मी व पालाशाने दरिद्री असते. तेथे राख दुहेरी लाभ देते. भाताच्या रोपवाटिकेत पालापाचोळा, फांद्या व शेण जाळण्याची राब पद्धती याच प्रदेशात रुजावी, हे उगीच नव्हे. (राबासाठी होणारी वृक्षतोड आणि सेंद्रिय द्रव्यांचा नाश यांचे समर्थन मात्र करता येत नाही.)

देशावरील व मराठवाड्यातील काळ्या मृदेची स्थिती भिन्न आहे. बेसाल्टपासून बनलेल्या या मृदेचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, तीत मुक्त चुना असतो आणि पालाशही सामान्यतः पुरेसे असते. अशा ठिकाणी दरवर्षी राख टाकल्यास लोह व जस्त पिकास अनुपलब्ध होतात. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लक्षणे पाहून खत कमी पडले असे समजून पुन्हा राखच टाकली जाते, ही यातील खरी शोकांतिका होय.

काजळीविषयी

काजळीची गोष्ट निराळी आहे. इंग्लंडमधील बागायतदार धुराड्यांतील काजळी नत्रखत म्हणून वापरीत. परंतु ती दगडी कोळशाची काजळी होती व तिच्यात अमोनियाचे क्षार असत. ताजी काजळी रोपांना जाळते, म्हणून ती काही महिने साठवून मगच वापरली जाई. आपल्या लाकडाच्या चुलीवरील काजळीस तो गुण चिकटविणे अयोग्य ठरते. शिवाय धुराडी साफ करणाऱ्यांमधील कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखविला होता. पालेभाज्यांच्या वाफ्यात काजळी टाकू नये, हेच श्रेयस्कर.

वापराची मर्यादा

आम्ल जमिनीतही राखेचे प्रमाण दर चौरस मीटरला वर्षाकाठी ७० ग्रॅमच्या आत ठेवावे व ती लागवडीपूर्वी मातीत मिसळावी. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजे शेणखत यांच्यासोबत ती कधीही देऊ नये. अल्कतेमुळे अमोनिया उडून जातो आणि नत्र वाया जाते. काकडी-भोपळ्याच्या पानांवर मावा व भुंगेऱ्यांसाठी कोरडी राख धुरळणे हा उपाय उपयुक्त असला तरी तो पाणी पडेपर्यंतच टिकतो. प्लॅस्टिक, रंगविलेले लाकूड अथवा कचरा जाळून उरलेली राख जड धातूंच्या शक्यतेमुळे पूर्णतः वर्ज्य समजावी. आवारातील मातीचा सामू मोजण्याचे साधन बहुतेक महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत उपलब्ध असते. राखेचे पहिले घमेले उचलण्यापूर्वी ती चाचणी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी, आणि सामू ७ च्या वर आल्यास राख भांडी घासण्यासाठी ठेवावी.