प्लुगास्तेलचा क्रूस

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रेस्त बंदराच्या खाडीलगत, प्लुगास्तेल-दाउलास हे गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात, म्हणजे गावाच्या जुन्या दफनभूमीत, सुमारे १८० मूर्तींनी गजबजलेला दगडी क्रूस उभा आहे. येशूच्या क्रूसमरणाची कथा मांडणाऱ्या अशा शिल्पसमूहाला ‘काल्व्हेर’ म्हणतात. ब्रिटनी प्रांतात साधे दगडी क्रूस गावोगावी आहेत. पण मूर्तींनी भरलेले मोठे काल्व्हेर सातच मानले जातात. त्यांत त्रोनोएनचा सर्वांत जुना, पंधराव्या शतकाच्या मध्याचा. प्लुगास्तेलचा क्रूस या मालिकेच्या अखेरच्या काळातला आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत ब्रिटनीत लिननच्या कापडाचा आणि सागरी व्यापाराचा पैसा खेळत होता. त्यातला बराच वाटा धर्मग्रामांनी आपापल्या चर्चच्या आवारावर खर्च केला. कमान असलेले प्रवेशद्वार, भोवती भिंत, मृतांच्या अस्थी ठेवण्याची इमारत आणि मध्यभागी काल्व्हेर अशी या आवारांची रचना असे. शेजारच्या गावापेक्षा आपले आवार देखणे असावे, ही चढाओढही त्यामागे होती.

प्लुगास्तेलच्या क्रुसामागे मात्र एक आपत्ती आहे. १५९८ साली या भागात प्लेगची साथ आली. ती ओसरल्यावर १६०२ ते १६०४ या काळात हा क्रूस उभारला गेला. साथीची खूण शिल्पातच आहे. क्रुसाच्या खांबावर जागोजागी गाठी कोरल्या असून त्या प्लेगच्या गाठी मानल्या जातात. खालच्या वेदीपाशी संत सेबास्टियन आणि संत रोक आहेत. प्लेगपासून रक्षणासाठी युरोपात याच दोन संतांचा धावा केला जाई.

रचनेसाठी गिमिल्यो गावचा थोडा आधीचा, १५८१ ते १५८८ मधला काल्व्हेर नमुना म्हणून समोर होता. अष्टकोनी चौथऱ्याला चार बाजूंनी आधारस्तंभ आहेत आणि त्यांवर शुभवर्तमाने लिहिणारे चौघे. चौथऱ्याच्या कडेने आणि माथ्यावर येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचे प्रसंग मांडले आहेत. मधल्या उंच क्रुसावर येशू आणि दोन बाजूंना दोन चोर. पश्चात्ताप केलेल्या चोराचा आत्मा देवदूत नेतो, दुसऱ्याचा सैतान. एका जागी नरकाचा आ वासलेला जबडा आहे आणि त्यात सैतानांच्या तावडीत सापडलेली कातेल गोलेत ही ब्रिटनीच्या लोककथेतली तरुणी. बायबलच्या कथेत गावची दंतकथा अशी सहज मिसळली आहे. बहुतेक गावकऱ्यांना अक्षरओळख नसे. त्यांच्यासाठी हा क्रूसच धर्मग्रंथ होता. प्रवचनकार एकेक प्रसंग दाखवून तो समजावून सांगत.

मूर्ती काहीशा ताठ आहेत. गिमिल्योच्या मूर्तींमधली धावपळ इथे नाही. पण चेहरे ठसठशीत आणि भावपूर्ण आहेत. त्याचे श्रेय दगडालाही जाते. चौथऱ्याला परिसरातला पिवळसर दगड आणि मूर्तींना गडद करड्या रंगाचा केरसांतों वापरला आहे. खाणीतून काढल्यावर केरसांतों मऊ असतो, त्यामुळे कपड्याच्या चुण्या आणि दाढीचे केससुद्धा बारकाईने कोरता येतात. पुढे हवेत तो कठीण होत जातो. समुद्रावरचा दमट वारा आणि पाऊस सोसूनही त्यावरचे कोरीवकाम शतकानुशतके टिकते.

जे वाऱ्यापावसाने केले नाही ते युद्धाने केले. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातले ब्रेस्त घेण्यासाठी अमेरिकी सैन्य लढत असताना तोफांच्या माऱ्यात काल्व्हेरची मोठी हानी झाली. कलावस्तूंच्या रक्षणाचे काम करणारे अमेरिकी अधिकारी जॉन स्किल्टन यांनी युद्धानंतर आपल्या देशात दुरुस्तीसाठी निधी उभा केला. शिल्पकार जॉन मिलार्ड यांनी तुटलेले भाग जोडले आणि नष्ट झालेल्या भागांच्या जागी नवे घडवले.

आज दिसणारा क्रूस त्यामुळे दोन काळांचा आहे: सतराव्या शतकातल्या पाथरवटांचा आणि विसाव्या शतकात तो सावरणाऱ्यांचा. साथीतून वाचलेल्या गावाने तो उभारला आणि युद्धातून वाचलेल्यांनी तो पडू दिला नाही. ब्रिटनीच्या शिल्पवारशात त्याचे स्थान मोठे आहे ते या दोन्ही कारणांनी.