पेन दाबू नका, चालू द्या

रविवारी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करीत आहोत. गेल्या पावसाळ्यात पाचव्या अर्जालाच आमचा अंगठा आखडला. निराधार अनुदानासाठी आलेल्या आजींना "पुढच्या रविवारी या" म्हणावे लागले. त्यांचा एक आठवडा आमच्या हातामुळे फुकट गेला, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

दोष सवयीचा होता. कचेरीत वीस वर्षे कार्बन घालून पावत्या फाडल्या. तिसऱ्या प्रतीवर अक्षर उठावे म्हणून बॉलपेन दाबायचे, हे बोटांत मुरले. बॉलपेनची शाई दाट असते. टोकाची गोळी फिरायला थोडा दाब लागतोच. म्हणून शाईचे पेन घेतले, तर सवयीने तेही दाबले! आठ दिवसांत निब फाकले.

शाईच्या पेनाची रीतच निराळी. त्याची शाई पाण्यासारखी पातळ. निबखालच्या जिभेला बारीक खाचा असतात. वातीत तेल चढावे तशी शाई त्यांतून निबच्या फटीत येते आणि टोक टेकताच कागद ती ओढून घेतो. शाई जाते तशी हवा आत येते. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली अशा पेनाचे पेटंट घेतले. शाई आणण्याचे काम पेनाचे. आपण फक्त दिशा द्यायची.

आम्ही रोज दहा मिनिटे सराव केला. पेन तिरपे धरायचे, निबची फट वर ठेवायची, मागचा भाग अंगठ्याच्या बेचक्यात टेकवायचा. पकड एवढी सैल, की कोणी ओढले तर पेन सहज निघावे. नुसती बोटे न वळवता हात पुढे सरकवायचा. आधी गोल, मग काने, मग अक्षरे. पान उलटून पाठीवर बोट फिरवायचे. वळ लागले, की दाब जास्त!

महिन्याभरात वळ गेले. त्या आजींचा अर्ज तर पुढच्याच रविवारी पुरा केला होता. आता एका बैठकीत दहा अर्ज होतात.

पालकहो, तीन तासांच्या पेपरात मुलाचा हात दुखून शेवटचा प्रश्न राहत असेल, तर रागावण्यापूर्वी त्याची वही उलटून पाहा. पानाची पाठ खरे सांगेल.